जिजींचं नाव पुढे करू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात सासरे नाना (वय ७४), सासूबाई जिजी (६९), माझे मिस्टर, मी आणि दोन मुलं. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. शेती कापूस, गहू, हरभऱ्याची आणि गावात खत-बियाण्याचं लहान दुकान. धाकटे दीर पुण्याला कंपनीत आहेत. ते, जाऊबाई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी दिवाळीला घरी आले होते. फराळाला सगळे बसलेले असताना दिरांनी विषय काढला, की या वर्षी सगळे मिळून दक्षिण गोव्यात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टला तीन रात्री जाऊ. तिथे खोलीच्या दरातच नाश्ता, दोन्ही जेवणं, चहा, सरबतं, दारूसुद्धा, सगळं धरलेलं असतं म्हणे. तीन खोल्यांचे १ लाख ६२ हजार. "मी भरतो सगळे," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि तेव्हापासून घरात धुसफूस आहे. मिस्टर म्हणतात, भावाच्या पैशावर हिंडायला आम्ही काही भिकेला लागलो नाही, आणि आपले पैसे घालायचे तर एवढ्यात दोन एकराचं ठिबक होतं. जायचंच तर दापोलीकडे बंगला भाड्याने घेऊ, गॅस-भांडी मिळतात, तुम्ही दोघी जावा करून घ्याल, निम्म्यात भागेल. जिजी माळकरी आहेत. जिथे मटण-मासे शिजतात तिथलं अन्न कसं खायचं, हा त्यांचा प्रश्न. "मी तठे जाईसन (तिथे जाऊन) काय करू?" एवढंच म्हणतात. नाना काहीच बोलत नाहीत. या वयात दोघांना अशा ठिकाणी नेणं बरोबर आहे का? मुलांना फुकट खाण्याची सवय लागेल का? लोक काय म्हणतील? जाता जाता सांगते, लग्नाला सतरा वर्षं झाली, मी अजून समुद्र पाहिलेला नाही.

— एक वाचक, ता. अमळनेर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात जिजींचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे, दिरांचं आहे, नानांचं गप्प राहणंसुद्धा आहे. तुमचं स्वतःचं म्हणणं मात्र शेवटच्या एका ओळीत आलं, आणि तेही "जाता जाता". मला उत्तर तिथूनच सुरू करायचं आहे.

तुम्हाला समुद्र बघायचा आहे. जायला एवढं कारण पुरतं. त्याला मुलांच्या हौसेचा, दिरांच्या आग्रहाचा किंवा सासूबाईंच्या हवापालटाचा टेकू लावायची गरज नाही. मिस्टर एकटे असतील तेव्हा, दुकान बंद करून आल्यावर जेवण झाल्यावर म्हणा, त्यांना सरळ सांगा, "मला जायचंय." पुढे "पण" जोडू नका. सतरा वर्षांत तुम्ही स्वतःसाठी म्हणून काय मागितलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्र वाचून माझा अंदाज आहे की यादी लहानच असेल. तुमच्या मिस्टरांना कदाचित हे माहीतच नसेल. त्यांच्या डोक्यात हा सगळा प्रकार म्हणजे धाकट्याने मोठेपणा दाखवला एवढाच आहे. बायकोची इच्छा त्यात कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

आणि जिजींच्या बाजूनेही विचार करा. तुम्ही "जिजींना नेणं बरोबर आहे का" असं विचारता. त्या नाही म्हणाल्या की विषय संपणार, आणि मग आयुष्यभर तुमच्या मनात राहणार की सासूमुळे गोवा राहिलं. त्या बाईवर हा भार कशाला? त्यांनी फक्त त्यांच्या जेवणाचं विचारलं आहे. तुमचं जाणं-न जाणं त्यांच्या माळेला बांधू नका.

आता बंगल्याचं. मिस्टरांनी सुचवलेला उपाय वरकरणी शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या बायकांना बाहेर पडणं नवं नाही. सप्तशृंगीला जातो, मुक्ताईला जातो, पंढरपूरला जातो. पण निघायच्या आदल्या रात्री दशम्या कोण करतं, चटणी कोण कुटतं, मुक्कामी पोहोचल्यावर पिठाचा डबा कोण उघडतं? नऊ माणसांचा स्वयंपाक परक्या ओट्यावर कसा होतो ते डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहाचे दोन घाणे, मग पोहे, तोवर नानांच्या गोळ्यांची वेळ. मीठ सापडतं, पण कालथा सापडत नाही. कुकरची शिट्टी ढिली. दुपारी दोन वाजता भांडी, चारला परत चहा, आणि सगळे समुद्रावर सूर्य बुडताना पाहायला निघतात तेव्हा तुम्ही आणि जाऊबाई कणीक मळायला बसलेल्या. तो बंगला निम्म्यात पडतो असं मिस्टर म्हणतात. राहिलेलं निम्मं तुम्ही दोघी हाताने भरता, फक्त त्याची पावती कोणी देत नाही. हे त्यांना असंच सांगा. रागाने सांगू नका, हिशेब मांडावा तसं सांगा. ते दुकानदार आहेत, त्यांना लगेच कळेल.

म्हणून माझं मत असं, की सगळं धरलेल्या रिसॉर्टची कल्पना तुमच्या घराला बसते. आणखीही एका कारणाने बसते. नऊ माणसं बाहेर हॉटेलात जेवायला बसली की पहिल्या वेळेपासून सुरू होतं : कोणी काय मागवलं, कोणाची नजर उजवीकडच्या दराच्या रकान्यावर गेली, बिल आल्यावर कोणाचा हात आधी खिशात गेला. जिथे एक भाऊ पगारदार आणि एक शेतकरी आहे तिथे हे दिवसातून तीनदा नको. सगळं आधीच भरलेलं असलं की हा प्रसंगच येत नाही.

पण दिरांनी आणलेला आकडा तसाच मान्य करू नका. दोन-तीन गोष्टी आधी विचारून घ्या. १ लाख ६२ हजार म्हणजे तीन खोल्या, तीन रात्री, खोलीमागे रात्रीचे १८ हजार. हा दर करासकट आहे का? सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. कर वेगळा असेल तर आणखी २९,१६० रुपये, म्हणजे एकूण १ लाख ९१ हजारांच्या वर. दुसरं, मुलांचं. बहुतेक ठिकाणी बारा वर्षांवरचं मूल मोठं माणूस धरतात, तेव्हा तुमच्या मुलीचे जादा पलंगाचे आणि जेवणाचे पैसे त्यात आहेत की नाहीत? लहान दोघांचं काय? हे फोनवर ठरवू नका, मेलवर लेखी मागवा.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पत्रावरून वाटतं, तुमच्या घरात फारसं कोणी दारू घेत नसावं, आणि जिजी तर माळकरी. दारू धरलेल्या दरात न पिणाऱ्याचेही पैसे मोजलेले असतात. हॉटेलवाल्यांच्या भाषेत सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. त्याच्या वर दिवसभराची पेयं, दारू, मधलं खाणं जोडलं की सगळं धरलेला दर होतो. तुम्ही त्याच रिसॉर्टला एपीचा दर विचारा, आणि दारू वगळून सगळं धरलेला दर मिळतो का तेही विचारा. काही ठिकाणी मिळतो. मिळाला तर तोच घ्या, मुलांच्या आइस्क्रीमला आणि मोठ्यांच्या चारच्या चहाला वेगळं बिल नको. दिरांना एखाद्या संध्याकाळी काही घ्यायचं असेल तर ते आपलं आपण भरतील.

आणि "सगळं" या शब्दाच्या बाहेरही बरंच राहतं. पाण्यावरचे खेळ, मालिश, कपडे धुणं, स्टेशनवरून ने-आण हे बहुतेक वेळा वेगळं असतं. खोलीतल्या लहान फ्रिजमधल्या वस्तूंचंही आधी विचारून घ्या, तोवर मुलांना त्याला हात लावू देऊ नका. खोली दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ताब्यात मिळते आणि शेवटच्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते, तेव्हा पहिलं जेवण कोणतं आणि शेवटचं कोणतं, तेही लिहून घ्या. आल्या-आल्या कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, ती नंतर सुटते. मिस्टरांना हे आधी माहीत असू द्या, नाहीतर काउंटरवरच त्यांचं डोकं फिरेल.

भावाभावांच्या पैशाचं आता. मिस्टरांचा राग मला समजतो. दिरांचं मन चांगलं असेल, पण फराळाच्या ताटावर, नाना-जिजी, बायका-मुलं बसलेली असताना "मी भरतो सगळे" म्हणायचं नसतं. थोरल्या भावाला ते लागणारच. तरीही या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे : दिरांनी जास्त भरणं हे उपकार नाहीत. नाना-जिजींचा दवाखाना, औषधं, रात्री-अपरात्री अमळनेरला किंवा जळगावला नेणं, आल्या-गेल्याचं करणं, हे वर्षाचे बारा महिने तुम्ही दोघं करता. पुण्यात राहून दिरांना त्यातलं काही करता येत नाही. त्यांना तीन खोल्यांचे पैसे भरावेसे वाटतात, त्यामागे हेही असेल. ते त्यांना करू द्या. फक्त थोरल्याचा मान राहील असं करा. दोघा भावांनी एकटं बोलावं, फोनवर का होईना. रिसॉर्ट दिरांनी, नऊ जणांची जाण्या-येण्याची तिकिटं, गोव्यातल्या गाड्या आणि एक ठरलेली रक्कम तुम्ही. माणशी भागाकार करू नका. रक्कम नोंदणीच्या आधी दिरांच्या खात्यावर गेली पाहिजे, म्हणजे परत आल्यावर कोणी कोणाकडे वही काढणार नाही.

तुमच्या वाट्याचे पैसे कुठून काढायचे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच म्हणेन की ते कापूस विकून आलेल्या पट्टीतून निघाले पाहिजेत. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं, वेळेत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते, त्या पैशाला हात लावू नका. कंपन्यांचं देणं दुकानात बाजूला ठेवलेलं असेल, तेही नको. आणि हप्त्यांवर तर मुळीच नको. एवढं करून निघत नसतील, तर या वर्षी जाऊ नका आणि पुढच्या वर्षीसाठी आजपासून बाजूला टाका. ठिबकाबद्दल मिस्टरांना म्हणावं, त्याला सरकारी अनुदान आहे, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, एक हंगाम पुढे-मागे झाला तरी ठिबक होईल. नाना ७४ वर्षांचे आहेत.

जिजींचं म्हणणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका. अशा ठिकाणी एकाच मोठ्या दालनात टेबलांवर झाकणाची भांडी मांडलेली असतात, शाकाहारी एका बाजूला, मांसाहारी दुसऱ्या. वास येणार, शेजारच्या माणसाच्या ताटात कोळंबी दिसणार. माळ घातलेल्या बाईला तिथे घास उतरत नसेल तर त्यात नवल काय! म्हणून रिसॉर्टला विचारा : शाकाहारी स्वयंपाकाची भांडी आणि डाव वेगळे असतात का? जैन जेवण देता का? गोव्यात गुजराती आणि जैन पाहुणे भरपूर जातात, त्यामुळे मोठ्या रिसॉर्टांना हा प्रश्न नवा नाही, आदल्या दिवशी सांगितलं की बऱ्याच ठिकाणी वेगळं करून देतात. जिजींचं ताट खोलीत आणून मिळेल का, त्याचे वेगळे पैसे पडतील का, हेही विचारा. ते जमलं तर निम्मा प्रश्न सुटला. त्या दिवसांत एकादशी येते का पंचांगात पाहा. येत असेल तर तारीख बदला, किंवा साबुदाणा-भगरीचं आधीच सांगून ठेवा.

बरोबर दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडे भाजलेले पापड, खाऱ्या पुऱ्या न्या, बाहेरचं कोरडं खाणं खोलीत चालतं ना एवढं विचारून. प्रवासातही उपयोगी पडतात. पण शेगडी, इंडक्शन काही नेऊ नका. खोलीत धुराचा भोंगा असतो, शिवाय तुम्ही पुन्हा चुलीपाशी जाल. पाणी उकळायची एक नवी विजेची किटली घ्या, जिजींच्या नावाची, म्हणजे त्यांच्या सकाळच्या चहाला कोणाच्या भांड्याची शंका राहणार नाही.

"मी तठे जाईसन काय करू?" याचंही उत्तर त्यांना द्या, त्या खरंच विचारत असतील. मंगेशी आणि शांतादुर्गा दक्षिण गोव्यातच, फोंड्याकडे आहेत. एक गाडी ठरवली की अर्ध्या दिवसात दोन्ही दर्शनं होतात. सकाळी ओल्या वाळूवरून चालता येतं, गुडघ्यांना कोरड्या वाळूपेक्षा ती बरी. दुपारी झोप. हरिपाठ त्या कुठेही बसून म्हणतात. हे सगळं सांगून त्यांना ठरवू द्या. तरी नाही म्हणाल्या तर ती "नाही" मान्य करा. चार दिवस लेकीकडे जातील किंवा लेक येऊन राहील. आजूबाजूच्या बायकांपुढे "आम्ही तुमच्यासाठीच जातोय ना" असा आग्रह मात्र कोणी करायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला त्या वाक्याने नाही म्हणायची जागाच उरत नाही.

आणि नाना? ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कोणी विचारलंय का? जिजींना सगळ्यांनी विचारलं, कारण त्या बोलतात. नानांना मिस्टरांनीच विचारावं, शेतात दोघंच असताना. मला वाटतं ते यायला तयार होतील. नसतील तर तेही कळेल.

कधी जायचं? दिवाळी ते जानेवारी कापूस वेचणी. नाताळात तर जाऊच नका, दर वर्षातले सगळ्यांत जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाचे सक्तीचे पैसे वेगळे घेतात. परीक्षा झाल्यावर म्हणाल तर अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी येते. आखाजीला लेकीबाळी माहेरी यायच्या, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं साल बदलायचं, त्या दिवसांत घर सोडून कोण जाणार? वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, जिजी बोरी नदीचा काठ सोडणार नाहीत. मे अखेरीला बागायती कापसाची लागवड, आणि जून ते सप्टेंबर गोव्यात पोहायला बंदीच असते, समुद्र खवळलेला असतो. उरतो फेब्रुवारी. कापूस उलंगलेला, म्हणजे वेचून संपलेला, ऊन अजून चढलेलं नाही, समुद्र शांत. गव्हाचं एखादं पाणी सालदार देईल. सोमवार ते गुरुवार धरा, शनिवार-रविवारपेक्षा दर उतरलेले असतात. प्रवास धरून मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडेल. मुलगी दहावीला असती तर मी हे सांगितलं नसतं, आठवीत बुडू द्या. तिची आणि तुमची पाळीची तारीखही मोजून घ्या, हे कोणी बोलत नाही आणि मग आयत्या वेळी पोरगी खोलीत बसून राहते.

खोल्या मागताना तळमजल्याच्या आणि जेवणाच्या दालनाजवळच्या मागा. ही ठिकाणं ऐसपैस पसरलेली असतात, दहा मिनिटं चालून जेवायला जायचं तर जिजींचे गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतील. तिन्ही मुलांना नाना-जिजींच्या खोलीत टाकायचा मोह होईल. एक रात्र टाका, रोज नको. त्यांनाही झोप हवी.

पाण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडची माणसं विहिरीत, पाटात, नदीच्या डोहात पोहायला शिकलेली. विहिरीत सूर मारणाऱ्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी. समुद्राचं तसं नाही. लाट येते तेव्हा ढकलते, परत जाते तेव्हा पायाखालची वाळू काढून नेते, आणि मधेच एखादा ओढा समुद्राकडे वाहत असतो, त्यात चांगला पोहणारासुद्धा आत खेचला जातो. तसं झालं तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहायचं नसतं, दमछाक होते. ओढ्यातून बाजूला निघायचं, किनाऱ्याला समांतर, आणि मग लाटांबरोबर बाहेर यायचं. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधली जागा पोहायला, नुसतं लाल निशाण असेल तिथे उतरायचं नाही. मुलं गुडघाभर पाण्याच्या पुढे नाहीत, आणि दर वेळी एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे पाहत उभं, हातात मोबाइल न घेता. रात्री कोणीच पाण्यात जायचं नाही. मिस्टरांनी आणि दिरांनीसुद्धा नाही.

तुम्ही काय घालून पाण्यात उतरणार, हे पत्रात विचारलं नाहीत, पण मनात असणार. साडी नेसून लाटेत जाऊ नका, भिजली की पायात अडकते आणि जड होते. रिसॉर्टच्या पोहायच्या तलावात तर सुती कपडे आणि ओढणी चालतच नाही, सुताचे धागे गाळणीत अडकतात. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख बायकांसाठी मिळतो, जळगावला मिळेल किंवा ऑनलाइन मागवा, मुलीलाही तसाच घ्या. गडद रंग घ्या. जाऊबाईंना बरोबर घेऊन निवडा. ती पुण्याची आहे, तिला हे ठाऊक असेल, आणि तुम्हा दोघींचं त्या निमित्ताने बोलणं होईल. जावाजावांचं आधी एकमत झालं तर भावाभावांचं लवकर होतं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलेलं आहे.

मुलांचा प्रश्न मला मोठा वाटत नाही. फुकट काही नाही, आधी भरलेलं आहे, एवढं त्यांना सांगा. थोडं घ्यायचं, संपवायचं, मग पुन्हा जायचं, ताटात टाकायचं नाही. बऱ्याच ठिकाणी आल्यावर मनगटाला एक पट्टी बांधतात, ती दिसली की कोणी पैसे मागत नाही. तुमचा चौथीतला मुलगा एकटा आइस्क्रीमच्या काउंटरवर जाईल, बापाच्या चेहऱ्याकडे न बघता कोणतं हवं ते सांगेल. चार दिवस त्याला तसं राहू द्या. लोकांचं म्हणाल, तर लोक दोन दिवस बोलतील, मग कोणाच्या तरी लग्नाचा विषय निघेल.

एका गोष्टीकडे मात्र मी तुमचं लक्ष वेधते, कारण ती तुमच्याच हातून होणार आहे. पहिल्याच जेवणाला तुम्ही उठाल. नानांचं ताट वाढून आणाल, मग मुलाचं, मग पुतणीचं, मग मिस्टरांना लोणचं हवं म्हणून परत जाल, आणि तुमचं ताट शेवटी, गार झालेल्या पोळीचं. स्वयंपाक दुसऱ्याने केला तरी वाढायचं काम तुम्ही सोबत घेऊन गेलात, तर त्या पैशांचा काय उपयोग? घरून निघायच्या आधीच ठरवून टाका : नानांचं ताट मिस्टर आणतील, जिजींचं दीर बघतील, आठवीतली मुलगी धाकट्या दोघांना सांभाळेल. तुम्ही आणि जाऊबाई आपापलं ताट घेऊन आधी बसायचं. पहिल्या जेवणाला अवघड वाटेल, नाना बघत असतील, हात शिवशिवतील. बसून राहा.

मिस्टरांशी बोलणं या आठवड्यातच करा, कारण तिकिटांना वेळ लागतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जळगावहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस सरळ मडगावला जाते, आणि दक्षिण गोव्याच्या रिसॉर्टला मडगावच जवळ पडतं. जळगावहून गोव्याला विमानही आहे, पण ते उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं, तिथून दक्षिण गोव्यात पोहोचायला गाडीने साधारण दोन तास आणि टॅक्सीचं भाडं भारी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी रेल्वेनेच जाईन. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आरक्षण उघडेल त्या सकाळीच तिकिटं काढा. नाना-जिजींची वयं नीट भरा आणि दोघांना खालचा बर्थ मागा. जिजींचं यायचं तोवर ठरलेलं नसलं तरी त्यांचं तिकीट काढून ठेवा. नाही आल्या तर रद्द करता येईल, थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात.